वरची ओळ म्हणजे बारीक तार

मंगळवार, ४ मार्च

घेतली! गिटार घेतली!

का घेतली ते मलाच माहीत नाही. लॅबमधून सुटले, नेहमीचा रस्ता खणलेला होता म्हणून मागच्या गल्लीने आले, तिथे वाद्यांचं दुकान. काचेत ही उभी – मधाच्या रंगाची, बारीक कमरेची. नुसती बघायला म्हणून आत शिरले. बाहेर पडले तेव्हा खांद्यावर ती, हातात शिकायचं पुस्तक आणि तोंडावर असं हसू, की समोरून येणारी एक बाई ओळखदेख नसताना माझ्याकडे बघून हसली.

वय सत्तेचाळीस. दिवसभर कवळ्या बनवते. गाण्याचा गंध नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला बाजूला घेऊन सांगायच्या, तू नुसते ओठ हलव.

घरात न्यायची कशी हा खरा प्रश्न. सासूबाईंची खुर्ची बरोबर दारासमोर. जिन्यात उभी राहून दोन-तीन थापा जुळवल्या – मैत्रिणीची आहे, कोणीतरी ठेवायला दिलीय. दार उघडलं आणि एकही आठवेना.

"काय आहे ते?"

"गिटार."

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "बरं. चपला बाहेर काढ, चिखल आहे."

संपलं! एवढ्यासाठी मी जिन्यात घाम गाळला.

बुधवार, ५ मार्च

पुस्तक म्हणतं, स्वरलिपी येत नसेल तर घाबरू नका, टॅब वाचा. टॅब म्हणजे आडव्या सहा ओळी. गिटारला तारा सहा, म्हणून ओळी सहा. ओळीवर आकडे. गिटारच्या दांडीवर धातूच्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांचे ते नंबर. तीन लिहिलंय? तिसऱ्या पट्टीच्या घरात बोट दाबा. शून्य? तार मोकळी सोडा. बस. एवढंच!

अरे, ही भाषा तर मला येते! दातांनाही नंबरच असतात. डॉक्टर चिठ्ठीवर आकडा लिहून पाठवतात आणि मी नेमका तो दात नेमक्या जागी बसवते. सगळा जन्म नंबर वाचून वस्तू जागेवर बसवण्यात गेला. सहा ओळी म्हणजे किस झाड की पत्ती.

प्रस्तावना गाळली. प्रस्तावना कोण वाचतं?

शनिवार, ८ मार्च

बोटं! डाव्या हाताची बोटं पेटली आहेत नुसती. लॅबमध्ये कोमट मेण हातात घेतलं आणि तोंडातून असं काही निघालं, की पॉलिशच्या यंत्रावर बसते ती पोरगी यंत्र बंद करून धावत आली. सांगितलं तिला, गिटार शिकतेय. ती बघतच राहिली. मग म्हणाली, ताई, कोणासाठी?

स्वतःसाठी, म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. दिवसभर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

रविवार, ९ मार्च

भाऊजींचा फोन. म्हणाले, आईला आता आमच्याकडे आणतो. तू एकटीने खूप केलंस, आता तुला मोकळं करतो. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गाडी घेऊन येतील.

मी 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आई त्यांची. यांना जाऊन तीन वर्षं झाली. मधला माणूस गेला आणि दोन बाजूंना आम्ही दोघी राहिलो. दूध तापवलं का, गोळी घेतली का, खिडकी लावू का – इतकंच बोलणं. लोकांना कौतुक, या सासू-सुनांचं कधी भांडण नाही. भांडायला निदान बोलावं तरी लागतं.

सासूबाईंना सांगितलं. "कळलंय मला," म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी आत जाऊन तिसरा धडा वाजवला. जरा जोरातच वाजवला.

मंगळवार, ११ मार्च

चौथा धडा!! हे पहिलं खरंखुरं गाणं, याआधीचे नुसते व्यायाम. पुस्तकात वर लिहिलंय 'संथ चाल'. आज पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत न थांबता गेले. (दोनदा थांबले. पण एकदा शिंकेसाठी.)

चाल मात्र चमत्कारिक आहे. वर जाईल असं वाटतं तिथे धाडकन खाली येते, खाली बसावी तिथे उडी मारते. जिना चढताना पायरी नसावी तसं होतं. पण नव्या धर्तीचं संगीत असंच असणार. आपला कान जुना. मी तर स्वतःवर खूश आहे. कवळीत शेवटची दाढ बसते तेव्हा 'टक्' होतं ना – तसं आतून झालं.

गुरुवार, १३ मार्च

वरचे काका तक्रार घेऊन आले. आमच्या डोक्यावरच्या घरात एकटे राहतात, शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. फार सभ्य माणूस. दारात उभे राहून दोन मिनिटं हवेबद्दल बोलले, मग विचारलं, तुमच्याकडे संध्याकाळी कोणी भिंतीत खिळे ठोकतं का?

खिळे नव्हेत, माझा पाय! ताल धरताना टाच आपटते म्हणे मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. काकांनी गिटारकडे पाहिलं, "असं होय," म्हणाले आणि गेले. सासूबाईंनी खुर्चीतूनच न वळता सांगितलं, "पायाखाली उशी घे."

उशी घेतली.

रविवार, १६ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

माझी अडचण अशी, की पुस्तकात बघितलं तर बोटं चुकतात, बोटांकडे बघितलं तर ओळ चुकते. मान नुसती वरखाली. सकाळी सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. अचानक पेपर घडी करून ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आण ते पुस्तक इकडे. मी वाचते, तू दाब."

आणि वाचायला लागल्या – "पाचवी ओळ, तीन. चौथी, शून्य. चौथी, दोन. तिसरी, शून्य."

तो आवाज! सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या हे मला माहीत होतंच. कानाला हेडफोन लावून दिवसभर नंबर बोलायच्या, लोकांना जोडून द्यायच्या. हे त्यांची नक्कल करायचे – "कृपया प्रतीक्षा करा" – आणि सगळे हसायचे. पण तो आवाज मी स्वतः कधी ऐकलाच नव्हता. स्वच्छ, ताठ, प्रत्येक आकडा धुऊन ठेवल्यासारखा. मला तर चुकायची भीतीच वाटेना. तीन म्हणजे तीन, शून्य म्हणजे शून्य, लाईन मिळालीच पाहिजे.

सकाळ कुठे गेली कळलं नाही. गॅसवर दूध उतू गेलं आणि दोघींपैकी कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

इतकी वर्षं एका घरात काढली आणि या बाईंची भेट आज होतेय.

मंगळवार, १८ मार्च

हसून हसून पोट दुखतंय, अक्षर वेडंवाकडं येतंय.

लॅबमधून आले तर सासूबाई पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या. चेहरा गंभीर. मला वाटलं कोणी गेलं की काय.

"तू प्रस्तावना वाचली होतीस का?"

"नाही."

"इथे लिहिलंय. वरची ओळ म्हणजे बारीक तार."

मी म्हटलं, काहीतरीच काय. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर, आपल्या नाकाखाली. बारीक सगळ्यात खाली. मग कागदावर वरची ओळ जाडच असणार ना? त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि शब्दावर बोट ठेवलं. वरची ओळ – बारीक तार. खालची ओळ – जाड तार. कागदावर उलटं!

म्हणजे पंधरवडाभर मी सगळं पालथं वाजवत होते! ती 'नव्या धर्तीची' चाल! बारीक तारेच्या जागी जाड, जाड तारेच्या जागी बारीक. वरची कवळी खाली आणि खालची वर बसवून पेशंटला घरी पाठवावं, आणि त्या बिचाऱ्याने म्हणावं, नवीन पद्धत असेल!

हे मी मोठ्याने म्हटलं. आणि सासूबाई हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून ठेवला. मी जमिनीवर बसले होते, तशीच आडवी झाले. एक थांबली की दुसरी सुरू. शेवटी त्या म्हणाल्या, पुरे, माझी गोळी घ्यायची राहिलीय, आणि त्यावर पुन्हा हसलो. गोळीत हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

मग चौथा धडा सुलट वाजवला. काय सांगू! जिथे चढायचं तिथे चढतो, उतरायचं तिथे उतरतो. गोड आहे हो. साधा, गोड.

शनिवार, २२ मार्च

टॅबमध्ये एक खोट सापडली. बोट कुठे ठेवायचं ते सांगते, पण किती वेळ ठेवायचं ते सांगत नाही. आकड्यांच्या मध्ये मोकळी जागा असते, तीही कुठे कमी कुठे जास्त, छापणाऱ्याच्या मर्जीने. मी आपली सगळे आकडे एकसारखे बडवत होते, वाटाणे मोजल्यासारखे.

सासूबाईंना विचारलं, पुढच्या आकड्याआधी थांबायचं किती? त्या म्हणाल्या, फोन जोडताना पण हेच असायचं. एकाने नंबर सांगितला की लगेच जोडायचा नाही. माणूस नंबर सांगून झाल्यावर श्वास घेतो. तो घेऊ द्यायचा. कोणी घाबरलेला असतो, कोणी आनंदात असतो, प्रत्येकाचा श्वास वेगळा. तो ऐकला की कळतं कधी जोडायचं.

मग त्या तशा वाचायला लागल्या. "तिसरी, शून्य." – थांबल्या – "दुसरी, एक." आणि त्या थांबल्या तिथे गाणं आलं! आकड्यात नव्हतं ते, मधल्या जागेत होतं.

मी त्यांना विचारलं, एक्स्चेंजमध्ये कोणाचं बोलणं चोरून ऐकलं का कधी? म्हणाल्या, "रोज." आणि पुढची ओळ वाचायला घेतली.

मंगळवार, २५ मार्च

एक कवळी परत आली. आतली कड टोचते म्हणून पेशंटची तक्रार. मालकांनी विचारलं, तुमची कवळी? परत? माझी कधीच परत येत नाही. कड मी डाव्या हाताच्या बोटांनी तपासते, केसाएवढं खरखरीत असलं तरी कळतं. पण त्या बोटांना आता तारांचे घट्टे पडलेत, त्यांना काही समजतच नाही.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं पण. आणि त्याचबरोबर – घट्टे पडले! मला! गिटारचे! पॉलिशवालीला दाखवले. तिने टोचून बघितले आणि म्हणाली, ताई, मानलं.

कड घासून दिली. यापुढे उजव्या हाताने तपासणार.

रविवार, ३० मार्च

काका जिन्यात भेटले. मी म्हटलं, उशी घेते हं आता पायाखाली, त्रास होत नाही ना? म्हणाले, छे छे, त्रास कसला. संध्याकाळचं अजून जरा अडखळतं, पण दुपारी फार छान वाजवता तुम्ही.

मी थँक्यू म्हणून चार पायऱ्या चढले आणि थबकले.

दुपारी मी लॅबमध्ये असते.

मंगळवार, १ एप्रिल

लॅबमध्ये वीज गेली, दुपारीच सोडलं. धावतच घरी. जिना चढताना चपला हातात घेतल्या. आणि खरंच – बंद दाराआडून चौथा धडा! अगदी हळू. पण थांबायचं तिथे थांबणारा. माझ्या जन्मात मला असा जमणार नाही.

एकाहत्तर वर्षांची बाई, माझ्या पाठीमागे, माझी गिटार!

बेल वाजवायला हात वर केला आणि नजर वर गेली. वरच्या वळणावर, पायरीवर, काका बसलेले. मांडीवर पेपर. पेपर उलटा! त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी मान डोलावली. माझ्या चपला माझ्या हातात, त्यांचा पेपर त्यांच्या मांडीवर, दोघं गुपचूप उभे-बसलेले, चोर पकडायला आल्यासारखे. त्यांनी सरकून जागा करून दिली. मग मीही बसले. तीनदा वाजवला सासूबाईंनी तो धडा. एका जागी चुकत होत्या, तिसऱ्यांदा बरोबर आला, आणि काकांनी डोळे मिटून असा सुस्कारा टाकला, जणू परीक्षेत त्यांचाच मुलगा पास झाला.

मी खाली जाऊन पाव आणला, रस्त्यावर वेळ काढला आणि नेहमीच्या वेळेला बेल वाजवली. सासूबाई खुर्चीत. टीव्ही चालू. गिटार कोपऱ्यात, मी ठेवली होती अगदी तशी.

काय अभिनय आहे!

काकांना संगीताची एवढी आवड असेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, ६ एप्रिल

पोटात राहिलं नाही, सांगून टाकलं. आई, दुपारी तुम्ही वाजवता ते मी ऐकलंय.

रागावतील, लाजतील, नाही म्हणतील – काही नाही. म्हणाल्या, "मग? दुपारी गिटारला दुसरं काय काम असतं?"

त्यांनी सगळं मनात पाठ केलं होतं. मला आकडे वाचून दाखवता दाखवता. माझ्याआधी त्या सहाव्या धड्यावर पोचल्यात! सहाव्या धड्यात आकड्यांच्या मध्ये छोट्या कमानी येतात. कमान म्हणजे दुसरा आकडा उजव्या हाताने छेडायचा नाही, डाव्या हाताचं बोट नुसतं वरून आपटायचं आणि त्यानेच सूर काढायचा. मला ते जमेना. त्यांनी करून दाखवलं. म्हणाल्या, स्विचबोर्डवर पिना खोचून खोचून बोटं तयार आहेत.

आता वाटणी – सकाळी व दुपारी त्या, संध्याकाळी मी, रविवारी भांडण. आज पहिलं भांडण झालंही. आमचं, खरंखुरं, आवाज चढवून! मी जिंकले. मग वाईट वाटलं म्हणून गिटार त्यांना दिली.

गुरुवार, १० एप्रिल

काका आज लाकडाचं एक बुटकं स्टूल घेऊन आले. गिटार वाजवताना डावा पाय उंचावर ठेवायचा असतो, पुस्तकात चित्र आहे. स्वतः घासून, वॉर्निश लावून आणलंय. मी म्हटलं, अहो काका, माझ्यासाठी कशाला एवढी तसदी! ते जरा गोंधळले. म्हणाले, हो, म्हणजे, सगळ्यांसाठीच.

माझ्यासाठी जरा बुटकं होतंय. सासूबाईंना मात्र अगदी बरोबर.

रविवार, १३ एप्रिल

आज मैफल! काका शीळ घालतात! भूगोलाचे सर, इस्त्रीचा शर्ट, आणि ओठांतून अशी गोड शीळ, की सासूबाई वाजवायच्या थांबून बघत राहिल्या. मग एक डाव असा – मी आकडे वाचायचे, त्यांनी वाजवायचं, काकांनी शिळेवर वरचा सूर धरायचा. माझ्या वाचण्यात सासूबाईंनी चुका काढल्या. "घाई करतेस. श्वास घेऊ दे." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या त्यांना 'मास्तर' म्हणतात. ते त्यांना 'ऑपरेटरबाई'. मला 'सूनबाई'. मी तर आज हवेतच आहे.

सासूबाईंची तब्येतही सुधारलीय. गुडघे दुखतात म्हणून कधी खाली उतरायच्या नाहीत, आता संध्याकाळी गच्चीवर हवा खायला जातात, दोन जिने चढून! जाताना ठेवणीतलं घड्याळ घालतात. गच्चीवर वेळ कशाला बघायची असते कोण जाणे. गिटारने माणसाचे गुडघे बरे होतात असं पुस्तकात छापायला हवं. प्रस्तावनेत.

शनिवार, १९ एप्रिल

जाऊबाईंचा फोन. आईंची खोली रंगवून झाली. खिडकीतून झाड दिसतं. पडदे कोणत्या रंगाचे लावू, विचारत होत्या. चांगल्या आहेत हो त्या. राग यावा असं काहीच नाही कोणात.

मी म्हटलं, पिवळे लावा.

फोन ठेवला आणि आकडे नुसतेच आकडे दिसायला लागले.

रविवार, २० एप्रिल

बोलले. अखेर बोलले!

सकाळी त्या स्टुलावर पाय ठेवून तारा जुळवत होत्या. मी समोर जमिनीवर बसले. शब्द तयार केले होते, सगळे पळाले – थापा पळतात तसे खरे शब्दही पळतात म्हणजे.

"आई, जाऊ नका."

त्यांनी गिटार आडवी मांडीवर ठेवली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या बोटांनाही घट्टे आहेत, केसांत अडकले.

"माझं ठरलंय," म्हणाल्या. "तो येऊ दे. सगळ्यांसमोर एकदाच सांगते. मला दोनदा सांगणं जमायचं नाही."

मला कळलं. मुलाचं घर, रंगवलेली खोली. मी कोण मधे येणारी? मी म्हटलं, गिटार तरी घेऊन जा बरोबर. तर म्हणाल्या, "वेडी आहेस. ती तुझी आहे. मी माझी घेईन."

रडू आलं. त्या नाही रडल्या. उलट जरा हसत होत्या असं वाटलं. त्याचा रागच आला.

बुधवार, २३ एप्रिल

पॉलिशवालीने विचारलं, ताई, सोडली का गिटार? नाही, म्हटलं. पण आज लॅबमधून मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले.

घरी सासूबाई कपाट आवरत होत्या. गुणगुणत.

शनिवार, २६ एप्रिल

उद्या.

बॅग दारापाशी आहे. एकच बॅग, तीही लहान. एवढंसंच नेणार? विचारलं नाही. संध्याकाळी दोघींनी चौथा धडा वाजवला, आळीपाळीने. काका आले नाहीत आज. सासूबाई म्हणाल्या, त्यांना शर्टाला इस्त्री करायची आहे.

रविवार, २७ एप्रिल

सासूबाई लग्न करताहेत. वरच्या काकांशी!

गच्ची! घड्याळ! बुटकं स्टूल! आणि मी काय वाचत होते इतके दिवस?

बॅग एक जिना वर जाणार. भाऊजी गाडीची किल्ली हातात धरून उभेच राहिले. काका दारात, इस्त्रीच्या शर्टात, कान लाल. आधी जाऊबाई हसल्या, आणि मग भाऊजी खाली बसले व म्हणाले, पाणी द्या कोणीतरी.

मी पाणी आणलं. सासूबाई माझ्याकडे वळल्या. एवढी धीट बाई, आवाज हलला.

"तुझी काही हरकत?"

"माझी कसली हरकत," म्हटलं. "मी मुलीकडची."